त्या निळ्या दगडाचं लेबल

पुणे, 9 फेब्रुवारी

प्रिय मंदा,

दिवाळीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. फोन करायला दोनदा घेतला आणि ठेवून दिला. हे फोनवर बोलता येईना. इकडे सगळं ठीक आहे. माझी शुगर गोळीवर आहे, ह्यांचा खोकला थंडीबरोबर जाईल असं डॉक्टर म्हणतात. झालं तब्येतीचं.

वाघोलीचा तो निळा दगड आठवतो तुला? तो माझ्याकडे आहे. अडतीस वर्षं माझ्याकडेच आहे.

घरातले सगळे दगड एका कॉलेजच्या संग्रहालयाला द्यायचं ठरवलंय. प्रत्येक नगाबरोबर एक कार्ड भरून द्यायचं: खनिजाचं नाव, ठिकाण, तारीख, कुणाला मिळालं. शुक्रवारी कपाटाचा खालचा खण उपसला आणि आईच्या कुंकवाच्या मोठ्या डबीत, कापसात गुंडाळलेला हा सापडला. दुधी स्टिल्बाइट या खनिजावर बसलेला निळ्या सुयांचा गोळा, अगदी कदंबाच्या फुलासारखा. वर माझ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘कॅव्हन्साइट, वाघोली, डिसेंबर 1987.’ आणि खाली फक्त माझं नाव. तुझं नाहीच. कापसाच्या तळाशी आपण केलेला टाकणखाराचा मणीही होता. अजून हिरवाच आहे, मंदा. मी खाली फरशीवरच बसले.

तुला तो दिवस माझ्याइतकाच आठवत असणार, तरी लिहिते. मला तो नीट मांडायचाय. एसटीनं नगर रोडवर उतरून आपण खाणीपर्यंत चालत गेलो. दुपारी सुरुंगाची शिट्टी झाली तशी सगळ्यांबरोबर आपणही पत्र्याच्या शेडमागे पळालो. धुरळा बसल्यावर बायका पुन्हा खडी फोडायला बसल्या. त्यातल्या एका वडारणीनं हातोडा बाजूला ठेवला, पदरानं एक दगड पुसला आणि तुझ्या हातात दिला. माझ्या नाही, तुझ्या. ‘घे बाई, ह्येचं पैसं न्हाई मिळत,’ म्हणाली. तिची मजुरी ब्रासवर. 100 घनफूट खडी भरली की एक ब्रास, आणि असला पोकळीचा भुसभुशीत दगड खडीला चालत नाही, म्हणून तो फेकायचाच होता. तू तिला तुझं थालीपीठ दिलंस. निम्मं तिनं खाल्लं, निम्मं खाणीवरच्या कुत्र्यानं, आणि मग परतेपर्यंत तुझा डोळा माझ्या पोळीभाजीवर होता. ते मी अजून विसरलेले नाही. भाजे गावच्या ओढ्यात तू माझी हातोडी सोडलीस तेही नाही. ‘निसटली’ म्हणतेस, पण बेडूक मीही पाहिला होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत परत आल्यावर तू म्हणालीस, ‘शैले, हे आपल्या पुस्तकात नाही.’ मी म्हटलं, अझुराइट आहे, तांब्याचं. निळं म्हणजे तांबं, एवढीच माझी धाव. तू सौम्य ॲसिडचा थेंब टाकलास. अझुराइट कार्बोनेट, ते फसफसायला हवं. फसफसलं नाही. मग मी म्हटलं, तांब्याचं सिलिकेट असेल. तू दोन सुया कुटून बोरॅक्स बीड टेस्ट केलीस, तारेवर टाकणखाराचा मणी वितळवून त्यात ती पूड. रिड्युसिंग फ्लेममध्ये, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेल्या ज्योतीत, तांब्याचा मणी लाल, अपारदर्शक व्हायला हवा. तुझा हिरवागार राहिला. तू तीनदा केलंस, तीनदा हिरवा. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, ‘मंदाला ज्योत धरता येत नाही.’ सगळे हसले. तू प्लॅटिनमची तार पुसून जागेवर ठेवलीस आणि वहीत लिहिलंस: ‘कॉपर सिलिकेट (?)’. तेवढं प्रश्नचिन्ह तू सोडलं नाहीस.

ज्योत तू माझ्यापेक्षा चांगली धरायचीस. स्टिल्बाइट फुंकनळीखाली साबुदाण्यासारखं फुललं तेव्हा टाळी तूच वाजवली होतीस. क्रॉनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसानं 1756 मध्ये हेच पाहून ‘झिओलाइट’, म्हणजे उकळणारा दगड, असं नाव ठेवलं हे सरांनी सांगितलं, तर तू म्हणालीस, त्याच्या आईनं पापड भाजताना पाहिलं असेल त्यानं.

मला खरं कळलं 1990 मध्ये. एका व्याख्यानात पडद्यावर स्लाइड आली आणि माझे हात गार पडले. तोच गोळा, तोच निळा. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांच्या नावांतून जोडलेलं नाव, कॅव्हन्साइट. 1967 मध्ये अमेरिकेत ओरेगनला पहिल्यांदा मिळालं, 1973 मध्ये त्याचं वर्णन छापून आलं, म्हणजे आपल्या वर्गातल्या पुस्तकात नव्हतंच ते. तू बरोबर होतीस. आज जगात कुणी कॅव्हन्साइटचा सुंदर नमुना दाखवला तर तो बहुधा वाघोलीचाच असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थिजला, त्यातल्या पोकळ्यांत पुढे गरम पाणी झिरपत राहिलं, आणि त्या पाण्यातून हा निळा बसला. व्हॅनेडियमचा मणी रिड्युसिंग फ्लेममध्ये हिरवाच होतो. घरी आले, चिठ्ठी लिहिली, आणि तुझं नाव घातलं नाही. का नाही घातलं याचं उत्तर मी इतकी वर्षं टाळलं. आता सांगते: तुझं नाव घातलं असतं तर तुला पत्र लिहावं लागलं असतं.

व्हॅनेडियमचा इतिहास मी पुढे वर्गात दर वर्षी शिकवला आणि दर वर्षी त्या ठिकाणी माझा आवाज खाली जायचा. आंद्रेस मानुएल देल रिओ, मेक्सिकोत खनिजशास्त्र शिकवणारा. 1801 मध्ये सिमापानच्या शिशाच्या खनिजात त्याला नवं मूलद्रव्य सापडलं. क्षार तापवले की लाल होतात म्हणून त्यानं त्याला एरिथ्रोनियम म्हटलं. नमुना हुम्बोल्ट या जर्मन संशोधकाबरोबर युरोपात गेला. 1805 मध्ये पॅरिसच्या कोले-देकोतील या रसायनतज्ज्ञानं सांगितलं, हे नुसतं क्रोमियम आहे. देल रिओनं ते मानलं, आपला दावा सोडून दिला. 1830 मध्ये स्वीडनमध्ये सेफस्ट्रॉम या रसायनतज्ज्ञाला तेच द्रव्य लोखंडात सापडलं, वनदिस या नॉर्स देवीवरून त्याचं नाव व्हॅनेडियम पडलं, आणि जर्मन रसायनतज्ज्ञ वोलरनं दाखवून दिलं की मेक्सिकोतलं आणि हे एकच. देल रिओ तेव्हा हयात होता. आपण सुरुवातीलाच बरोबर होतो हे त्याला तीस वर्षांनी कळलं. तुला मी तेही कळू दिलं नाही.

तू एम.एस्सी.ला नाव घातलं नाहीस तेव्हा सारसबागेत म्हणाली होतीस, ‘मला दिसतं ते तिथं नसतंच गं.’ बँकेची परीक्षा, मग सांगली, मग संसार. घरच्या अडचणी होत्या हे मला माहीत आहे, सगळं माझ्यामुळे झालं असं मी म्हणत नाही. पण त्या वाक्यात माझा वाटा किती होता, हे मला तुझ्या तोंडून ऐकायचंय. रागावून सांगितलंस तरी चालेल. रागावूनच सांग.

काल वाघोलीला जाऊन आले. भाचीनं तिथं फ्लॅट घेतलाय, आठव्या मजल्यावर. गॅलरीतून खाली एक खाण दिसते, हिरवं पाणी भरलेली, आणि डंपर राडारोडा आणून ओततायत. आपली तीच का, सांगता येईना. बाभळ नाही, शेड नाही. तिथून निघालेली खडी या इमारतींच्या कॉंक्रीटमध्ये आणि नगर रोडच्या डांबराखाली गेली, आणि तिच्याबरोबर असे किती निळे गोळे क्रशरमध्ये पीठ झाले असतील. भाची म्हणाली, ‘मावशी, पाणी छान दिसतं ना?’ मला बोलवेना.

प्रशांतच्या मुलीचं बारसं झालं ना? नाव काय ठेवलं ते कळव. तुझ्या गुडघ्यांचं काय झालं, ऑपरेशन करणार की नुसतं तेलच चोळणार? आणि वरच्या मजल्याचं भाडं वाढवलंस का? नसशील. तुझ्यात ते नाही.

आता कार्ड. ‘कुणाला मिळालं’ या रकान्यात तुझं नाव लिहिलंय, पूर्ण, माहेरच्या आडनावासह, तेव्हा तेच होतं म्हणून. ‘ओळख’ या रकान्यात लिहिलंय की ॲसिड आणि मण्याच्या चाचणीवरून हे तांबं आहे यावर 1987 मध्येच तिनं प्रश्नचिन्ह टाकलं होतं. मणीही दगडाबरोबर देणार आहे. यात खोटं काही नाही, फक्त उशीर आहे. नको असेल तर सांग. पण ‘कशाला उगीच’ म्हणून नको म्हणू नकोस, ते मी ऐकणार नाही.

पण रकाना तेवढ्यानं भरत नाही. दगड तुला दिला तिनं. सापडला तिला. आपण तिचं नाव विचारलंच नाही, मंदा. वहीत पोकळीचा व्यास लिहिला, खडकाचा रंग लिहिला, सुरुंगाची वेळसुद्धा लिहिली. शेजारच्या बाईनं तिला हाक मारली होती, त्यांच्या वडारी बोलीत काहीतरी म्हणून मग नाव, आणि तू ते ऐकून हसली होतीस, तुमच्या गल्लीतल्या कुणाचं तरी तेच नाव होतं म्हणून. यल्लव्वा? नागव्वा? मला काही केल्या आठवत नाही, तीन रात्री तेच चाललंय.

कार्डं 20 तारखेला द्यायची आहेत. आठवलं तर त्याच क्षणी फोन कर, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी.

तुझी,
शैला