ॲकिल बेटावर बाबा बोलले

डब्लिन, 22 जून

प्रिय बाळ्या,

परवा रात्री उशिरा इथे धाकटीच्या घरी परतलो. बॅगा अजून तशाच पडल्यात, पण तुला लिहायचं ते ताजं आहे तोवर लिहून टाकतो. फोनवर सांगता आलं असतं, पण तू दुकानात असणार, मध्ये गिऱ्हाईक येणार. हे नीट बसून वाच.

आम्ही सहाजण होतो: बाबा, मी, ही, आमची कन्या, धाकटी आणि मेहुणा. गाडी मेहुण्याने चालवली. आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे बाबा पहिल्या तासाभरातच पुढच्या सीटवर निर्धास्त झाले. डब्लिनहून सरळ पश्चिमेला निघालो आणि साडेतीन-चार तासांत वेस्टपोर्ट गाठलं. आयर्लंड म्हणजे इतका छोटा देश! पण पश्चिम किनाऱ्याला लागलास की अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. रस्ता दगडी गडग्यांमधून वळत राहतो, मधोमध गवत उगवलेलं, समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एकाने मागे जायचं. आणि जाताना तो ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करणारच. ओळख असायची गरज नाही. दुसऱ्या दिवसापासून बाबाही काचेतून प्रत्येकाला हात करायला लागले.

या अरुंद वाटेला तिथे बोरीन म्हणतात. मूळ आयरिश शब्द बोहर, म्हणजे रस्ता, आणि तो 'बो'वरून आलाय. बो म्हणजे गाय. आपल्या संस्कृतातल्या 'गो'चंच हे भावंड. गाई जातील एवढी रुंद वाट. आपली पाणंद डोळ्यांपुढे आण, फक्त करवंदीच्या जागी फुशियाची कुंपणं, लाल-जांभळी फुलं लटकलेली.

आता ॲकिल. हे बेट पुलाने जोडलेलं आहे. तिथे स्लीवमोर नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक ओस गाव आहे. ऐंशी-शंभर घरं एका ओळीत, दीडेक किलोमीटर, एकावरही छप्पर नाही. भिंती मात्र उभ्या. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. एका घराच्या उंबऱ्यात बाबा थांबले, वाकून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. पावसाची सर आली म्हणून मी छत्री घेऊन गेलो, तर ते खालच्या अंगाच्या भिंतीवर हात फिरवत होते. तिथे दगडात एक कडी होती, गुरं बांधायची. "ह्यो गोठो रे," म्हणाले. खरंच होतं ते. एकाच छपराखाली वरच्या बाजूला माणसं आणि उताराच्या बाजूला गुरं, म्हणजे शेण-मूत खाली वाहून जाईल. बाबांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी उतार बघून ओळखलं.

घरांच्या आजूबाजूला डोंगरावर सरी-वरंबे दिसतात, गवताखाली झाकलेले, पण उन्हं कलली की सावलीने उठून येतात. ते बटाट्याचे. 1845 साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढची सात वर्षं हा देश मरत राहिला. साधारण दहा लाख माणसं उपासमारीने आणि तापाने गेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली, आणि त्याच काळात इथून धान्य बाहेर जात होतं. आख्ख्या आयर्लंड बेटाची 1841 सालची लोकसंख्या ऐंशी लाखांच्या वर होती. ती अजून भरून निघालेली नाही, बाळ्या. पावणेदोनशे वर्षं झाली! स्लीवमोरची माणसं काही मेली, काहींना जमीनमालकांनी हुसकावलं, काही खाली समुद्रकाठच्या डूआ गावात सरकली. नंतर ही घरं उन्हाळ्यात गुरं चारायला येणाऱ्यांच्या उपयोगी पडत होती. मग तेही थांबलं.

आम्ही उतरलो होतो त्या घरची म्हातारी मालकीण संध्याकाळी चहा घेऊन बसली. आम्ही कोकणातले म्हटल्यावर तिने लगेच वराडकरांचं नाव काढलं, लिओ वराडकर, जे इथे पंतप्रधान होते. बाबा खुलले. मालवण तालुक्यातलं वराड गाव, त्यांचे वडील डॉक्टर, 2019 च्या डिसेंबरात लिओ स्वतः गावी येऊन गेले, सगळं बाबांनी सांगितलं आणि धाकटीने इंग्रजी करून दिलं. मग म्हातारीने तिच्या बेटाची गोष्ट सांगितली. ती तुला सांगायलाच हवी.

इथली तरणी मुलंमुली दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जायची. पैसे घरी पाठवायची, त्यावर इथली चूल पेटायची. 1894 च्या जूनमध्ये अशीच मंडळी शिडाच्या होड्यांत बसून वेस्टपोर्टच्या धक्क्याकडे निघाली. तिथे आगबोट उभी होती. ती दिसल्याबरोबर सगळे बघायला एका अंगाला धावले आणि होडी उलटली. बत्तीस जण बुडाले. ॲकिलची रेल्वे तेव्हा जेमतेम पुरी होत आली होती. तिच्यावरून आलेली पहिली गाडी त्यांची प्रेतं घेऊन आली. पुढे 1937 साली स्कॉटलंडात किर्किन्टिलॉकला रात्री झोपायच्या खोपटाला आग लागली आणि ॲकिलची दहा मुलं जळून गेली. रेल्वे बंद व्हायच्या बेतात होती. तिच्या शेवटच्या दिवसांतल्या एका गाडीने तीही शवं आणली. लोखंडी चाकांची गाडी येईल आणि पहिल्या नि शेवटच्या फेरीला मढी वाहील, असं भाकीत बेटावर पूर्वीपासून सांगत होते म्हणे. भाकिताचं सोड. पण तो लोहमार्ग आज सायकलची वाट झालाय, बेचाळीस किलोमीटर, आणि कन्या दुपारी त्याच्यावरूनच हसत-खिदळत आली होती. ती एकदम गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, मला तिथे न्या. किल्डॅव्हनेटची दफनभूमी खाडीला लागून आहे, दोन्ही वेळची माणसं तिथेच पुरलीत. वारा बोचरा होता. बाबा गडग्यावर बसले, मफलर गुंडाळला आणि पाण्याकडे बघत बोलायला लागले. आधी 'रामदास' बोटीचं बोलले, 1947 ची, रेवसजवळ सहाशेहून जास्त माणसं गेली ती. आजीच्या तोंडून ऐकलेलं. आणि मग 1966 चा मे महिना. ते आणि तुझे आबा.

तुला यातलं किती ठाऊक आहे? मला काहीच नव्हतं. मालवणला आगबोट लांब उभी राहायची आणि पडावातून तिथवर जायचं, एवढंच माहीत. दोघेही सतरा वर्षांचे. समुद्र तेव्हाच फुगायला लागला होता, पावसाआधीची शेवटची बोट असावी. पडाव गच्च भरलेला. आगबोटीच्या शिडीशी पोचल्यावर सगळे एकदम उठले आणि पडाव कलंडला, एका अंगाने पाणी आत आलं. बाबा काठावर होते. "आबान माका कमरेक धरून ठेवल्यान," बाबा म्हणाले. आबांनी दुसऱ्या हातातलं बोचकं सोडून दिलं. त्यात त्यांचे दोन शर्ट, काजू आणि तुझ्या आजीने दिलेली फणसाची साठं होती. मुंबईत गावकऱ्यांच्या खोलीवर आबा पंधरा दिवस बाबांचाच एक शर्ट धुऊन घालत होते. गिरणीत चिकटल्यावर पहिल्या पगारातून बाबांनी त्यांना कापड घेतलं. त्या रात्री विजयदुर्ग मागे पडेपर्यंत आबा कठड्यापासून हलले नाहीत, एक शब्द बोलले नाहीत.

एवढं सांगून बाबांनी मफलर सोडला आणि परत बांधला. हे साठ वर्षं का सांगितलं नाहीत असं मी विचारलं. आबांनीच बजावलं होतं म्हणे, घरी कळलं तर आई पुन्हा बोटीत बसू देणार नाही. आबांची आई गेली, आबाही गेले, पण बाबांनी शब्द पाळला.

पुढचा प्रवास छान झाला, पण माझं लक्ष अर्धंच होतं. मोहरचे कडे, 214 मीटर सरळ खाली, पहिला तासभर धुक्यात बुडालेले आणि मग पडदा सरकावा तसे मोकळे झाले. शॅनन नदीच्या मुखावरून गाडीसकट फेरीबोटीने वीस मिनिटांत पलीकडे. डिंगलला ही आणि धाकटी दुकानांत रमल्या, आम्ही माशाचं दाट सूप आणि काळसर पाव खाल्ला, सोबत लोण्याचा गोळा. रात्री दहाला उजेड असतो, झोपायला मन होत नाही. आणि पीटचा धूर! दलदलीतली माती विटांसारखी कापून, वाळवून जाळतात. आपल्या शेणींच्या उतरंडीसारखी ती रचून ठेवलेली असते. तो वास माझ्या स्वेटरला अजून आहे.

शेवटचा मुक्काम कोव्ह बंदरात होता. टायटॅनिक शेवटची थांबली ते हेच, 11 एप्रिल 1912. बाबांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. धक्क्यावर ॲनी मूर नावाच्या मुलीचा पुतळा आहे, सोबत दोन भाऊ. 1892 च्या एक जानेवारीला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर, जिथे अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची नोंद व्हायची, सगळ्यात आधी नोंद झाली ती तिची. बाबा धाकट्या भावाच्या पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. तो फोटो पाठवतोय.

चतुर्थीला आम्ही येतोय, बाबांना घेऊन. तुझ्याकडे आबांचा गिरणीतला फोटो असेल तर शोधून ठेव, बाबांनी दोनदा विचारलं. आणि एक कर, काकींना यातलं काही वाचून दाखवू नकोस. बाबांना तुमच्या ओटीवर बसून त्यांना स्वतः सांगायचंय.

तुझाच,
दाद्या