वाद घाला, पण कसोटी आधी ठरवा

पारावरच्या वादांतून काहीच निष्पन्न होत नाही, हा आपल्या रविवार पुरवणीतील लेखाचा सूर अर्धाच पटतो. दोष हौशी वादकांचा नाही. काय घडले तर आपण चूक ठरू, हे कुणी आधी सांगत नाही, तिथे गाडी अडते.

पाणाड्याचाच वाद घ्या. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो रानात फिरतो आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे, असे सांगतो. बोअरला पाणी लागले म्हणून नारळ खरा ठरत नाही. भेगाळ बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या खडकात, थोडेबहुत पाणी अनेक जागी लागतेच. त्यापेक्षा फूटभर खोल पाइप पुरा आणि व्हॉल्व्ह भिंतीआड ठेवा. आधी पाणी चालू असल्याचे सांगूनच नारळ उभा राहतो का, ते पाणाड्याकडून वदवून घ्या. नाहीतर हरल्यावर जागेला बोल लागतो! मग दहा वेळा नाणे उडवून पाणी चालू किंवा बंद करायचे आणि दर वेळी पाणाड्याने चालू की बंद ते सांगायचे. व्हॉल्व्हवाला पाणाड्याच्या नजरेस पडू नये, कारण चेहरा चुगली करतो. पाण्याचा आवाजही लपला पाहिजे. नुसत्या अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ११, म्हणजे जेमतेम एक टक्का. तेव्हा नऊची अट आधीच लिहून ठेवावी.

कापसाच्या हमीभावाचेही तेच. ‘खर्चाच्या दीडपट’ म्हणताना सरकार रोख खर्च व घरच्यांची मजुरी धरते. शेतकरी संघटना स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरचे व्याजही मोजतात. कोणता खर्च, हे न ठरवता दोन्ही बाजू रात्रभर भांडू शकतात.

– एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)