मुलगा आपला होता हे सांगायला थडगं दाखवावं लागतं?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही अमेरिकेतल्या बडोदेकर मुलांवर दोन पानं दिलीत, वाचून बरं वाटलं. कुणी डॉक्टर, कुणी मोठ्या कंपनीत, कुणाचं न्यू जर्सीतल्या एडिसनला स्वतःचं घर (एडिसनला आता अर्धं बडोदं आहे म्हणा). पण तिथल्या सैन्यात गेलेला त्यात एकही नाही. आपल्याकडे पोरगा आर्मी म्हणाला की आधी इंजिनिअरिंग कर मग बघू असंच उत्तर असतं, त्यामुळे नवल नाही. पण बाहेरून येऊन तिथे वसलेल्या घरांतली पोरं सैन्यात जातात आणि मरतातही, त्यातल्या एकाबद्दल लिहावंसं वाटलं.

हुमायून खान. आई-वडील पाकिस्तानचे, मुलगा जन्मला यूएईत, लहानपणीच सगळे अमेरिकेत आले आणि तो मेरीलँडमध्ये वाढला. व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत शिकताना आर्मीचं ट्रेनिंग घेतलं, पुढे लॉ करायचं डोक्यात होतं. ८ जून २००४ ला इराकमध्ये बाकुबाच्या कॅम्पच्या गेटवर हा कॅप्टन होता, एक टॅक्सी संशयास्पद पद्धतीने आत येताना दिसली, त्याने आपल्या जवानांना मागे राहायला सांगितलं आणि स्वतः हात पुढे करून गाडीकडे चालत गेला. गाडीत बॉम्ब होता. वय २७. इराकचं युद्ध बरोबर होतं असं मी मुळीच म्हणत नाही, ज्या महाविनाशक अस्त्रांसाठी ते केलं ती सापडलीच नाहीत, पण गेटवरच्या त्या मिनिटाला या वादाशी काही घेणंदेणं नव्हतं.

आता खरं बोलायचं ते. बारा वर्षं या मुलाचं नाव घरच्यांपलीकडे किती जणांना माहीत होतं? २०१६ ची निवडणूक आली, मुसलमानांना देशात येऊच देऊ नका अशी भाषा सुरू झाली, तेव्हा त्याच्या वडिलांना फिलाडेल्फियाला डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात स्टेजवर उभं राहून मुलाचं बलिदान सांगावं लागलं. शेजारी आई गप्प उभी होती, तर ट्रम्पनी तिच्या गप्प राहण्यावरच बोट ठेवलं. तिने नंतर लिहिलं की मुलाचे फोटो असलेल्या खोलीत तिला जाववत नाही, त्याच्या वस्तूंचं कपाटसुद्धा तिच्याच्याने आवरलं गेलं नाही, शेवटी सुनेला सांगावं लागलं. अशा बाईला टीव्हीवर उभं राहायची वेळ का यावी?

आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही. २००८ ला ओबामा मुसलमान आहेत अशी कुजबुज चालली होती तेव्हा माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेलनी टीव्हीवर करीम खानच्या थडग्याच्या फोटोबद्दल सांगितलं, न्यू जर्सीचा पोरगा, अमेरिकन सैनिक, २००७ ला त्याच बाकुबात मारला गेला, वय फक्त २०. फोटोत आई दगडाला डोकं टेकून बसलेली, दगडावर चंद्र-तारा. पॉवेल चांगलंच बोलले, पण दोन्ही वेळा मेलेला मुलगा दाखवल्यावरच लोक ऐकायला तयार झाले, हे मला खटकतं. ज्याचा मुलगा टॅक्सी चालवतो, मोटेल सांभाळतो आणि जिवंत आहे, त्याने काय दाखवायचं?

आपण तर गायकवाडांबरोबर इकडे आलेल्यांचीच पोरं, इतक्या पिढ्या झाल्या तरी आडनाव ऐकलं की मांडवीतला दुकानदार ‘तमे महाराष्ट्रना?’ विचारतो. प्रेमाने विचारतो, आपणही हसून हो म्हणतो आणि पुढे भाव करतो. त्यासाठी घरातला शहीद दाखवा असं कुणी म्हणत नाही, हे आपलं नशीब.

तुम्हाला एक विनंती आहे. दर उन्हाळ्यात इथून कितीतरी आई-वडील मुलांकडे जातात, वॉशिंग्टनची टूर होतेच, आर्लिंग्टनच्या लष्करी स्मशानभूमीत केनेडींची समाधी बघून, फोटो काढून बस परत निघते. हुमायून आणि करीम दोघेही तिथेच सेक्शन ६० मध्ये आहेत. बरंच चालावं लागतं, पण स्मशानभूमीचं ॲप आहे त्यात नाव टाकलं की नेमकी जागा दाखवतं, नातवंडं काढून देतील. पुढच्या एनआरआय पुरवणीत एवढी माहिती चौकटीत छापलीत तर बरं होईल.

आपला नियमित वाचक,
दांडिया बझार, वडोदरा