विश्रामबागवाडा बाजीरावाचा कमी, शाळेचा जास्त

संपादकसाहेब, नमस्कार.

परवा नातीला घेऊन तुळशीबागेत गेलो होतो, आत बायकांची खरेदी काही संपेना म्हणून आम्ही दोघं समोरच्या विश्रामबागवाड्यात जाऊन बसलो. तिथे कॉलेजच्या पोरांचा एक ग्रुप आलेला, त्यांचा गाइड अर्धा तास दुसऱ्या बाजीरावाचं ऐषोआराम, नाचगाणी, वाड्याला लागलेले 2 लाख रुपये असंच सांगत होता. शाळेचा एक शब्द नाही!

अहो, बाजीराव या वाड्यात राहिला जेमतेम दहाएक वर्षं, 1817 ला तर पुणं सोडून पळाला. आणि 1821 ला इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली, तीही पेशवे विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा द्यायचे तिच्यासाठी जो पैसा जायचा त्यातून. तिचंच पुढे पुना कॉलेज झालं, मग डेक्कन कॉलेज, ते 1868 मध्ये येरवड्याला गेलं तरी सरकारी हायस्कूल इथे होतंच. म्हणजे ज्या सुरूच्या झाडासारख्या लाकडी खांबांचे आपण फोटो काढतो ना, त्यांना टेकून पोरांनी आधी व्याकरण घोकलंय आणि मग इंग्रजी. खांब जवळून बघा, वर केळफुलासारखी नक्षी उमलत गेलीय, वर्गात लक्ष नसलेल्या पोरांनी तीच बघितली असणार (मी तरी तेच केलं असतं).

याच वाड्यात 16 नोव्हेंबर 1852 ला जोतिराव फुल्यांचा मुलींच्या शाळांसाठी सरकारतर्फे सत्कार झाला, मेजर कँडींच्या हस्ते. हे कँडी म्हणजे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी डिक्शनरीवर काम केलेले, मराठीत स्वल्पविराम-पूर्णविराम रुळवण्याचं श्रेय ज्यांना देतात तेच. माझं पत्र वाचून ते हळहळले असते ते सोडा. 1879 च्या मे महिन्यात आग लावली कुणीतरी, त्यात पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडा, गेला आणि इथलाही मोठा भाग जळाला, तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेच्या पैशातून परत उभा केला. शाळा चालायची इथे म्हणून लोकांनी खिशात हात घातला असेल असं मला आपलं वाटतं, पळालेल्या पेशव्यासाठी कोण वर्गणी देतंय.

माझं म्हणणं एवढंच, वरच्या मजल्यावर एखादी खोली शाळेची म्हणून मांडा की, दोन बाकं, एक फळा, कँडी आणि फुल्यांचे फोटो. फार खर्च नाही त्यात. मी सांगितल्यापासून नात विचारतेय, शाळा होती तर मग वर्ग कुठेत आजोबा?

– एक सदाशिवपेठकर, पुणे