गोंड्याला विंचरणाऱ्या मावशींना

प्रिय मावशी,

तोंडावर आभार मानले तर "पुरे गं" म्हणून दार लावून घ्याल, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

मला माझ्याच कुत्र्याची, गोंड्याची, ॲलर्जी आहे हे आता बडोद्याच्या अख्ख्या दांडिया बाजाराला ठाऊक असेल. हात चाटला की गांधी उठतात, रात्री नाक चोंदतं. त्यात हा ल्हासा अप्सो, केस पार जमिनीला टेकलेले. टेस्टचा रिपोर्ट आल्यापासून जो तो सांगायचा, कुणालातरी देऊन टाका, नाहीतर भादरून टाका. "डॉक्टर नक्की काय म्हणाले?" असं तुम्ही एकट्यांनीच विचारलंत.

डॉक्टर म्हणाले होते, त्रास केसांचा नाही. कुत्र्याच्या लाळेत आणि कातडीच्या कोंड्यात जी प्रथिनं असतात त्यांचा आहे. केसांबरोबर ती घरभर पसरतात. (ॲलर्जी न होणारी म्हणून खपवतात त्या जातींच्या अंगावरही ती असतातच.) ऐकून तुम्ही निकाल दिलात, "मग भादरून काय उपयोग? कोंडा कातडीतूनच यायचा. रोज विंचरायचा. आणि तू नाही, मी."

तेव्हापासून रोज संध्याकाळी अगाशीत तुमचं दुकान लागतं. वाऱ्याकडे पाठ करून स्टुलावर तुम्ही, पायांत गोंडा. आधी मोठ्या दातांचा कंगवा, मग बारीक. कानामागच्या गुंत्याला कंगवा लावायचा नाही, तो बोटांनीच सोडवायचा. निघालेले केस जुन्या पेपरात, वर ओल्या फडक्याचा हात, मगच स्वारी खाली येते. उतराणीच्या पतंगांनंतर त्याच्या पोटाखाली मांजा अडकला होता. चष्मा कपाळावर सरकवून, नखं कापायच्या कात्रीनं तो तुम्ही एकेक तुकडा करून काढलात. गोंडा हूं की चूं करेना. माझ्या हातात तो तेवढा वेळ कधीच थांबला नसता.

आंघोळीचंही तसंच. तिचा गुण दोन-चार दिवसच टिकतो म्हटल्यावर आठवड्यातून दोनदा बादली तुमच्या मोरीत. तुमच्या नातवाला यात कुणी विचारलं होतं का, देव जाणे, पण भिजतो तोच.

माझ्याकडे राहिलं ते सोपं. निजायच्या खोलीत गोंड्याला बंदी, गालिचा माळ्यावर, झाडूऐवजी ओलं पोतेरं, आणि नाकातला स्प्रे शिंका येवोत न येवोत, रोज. हवा गाळणारं हेपा फिल्टरचं मशीनही घेतलं. ते दुकानात मिळतं. रोज संध्याकाळी अर्धा तास दुसऱ्याच्या कुत्र्याला देणारं माणूस कुठे मिळतं?

ॲलर्जी गेलेली नाही. पण रात्री झोप लागते, आणि गोंडा घरात आहे.

बारीक कंगव्याचे दात तुटलेत, नवा आणते. येताना लीलो चेवडोही आणेन. पैसे द्यायला लागलात तर भांडण होईल.

तुमची,
खालच्या मजल्यावरची