मंत्री महोदय, नर घोडा तपासणार कोण?

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या यात्रेत घोडेबाजाराच्या मंडपातून आपण शब्द दिलात, की पैदाशीचा प्रत्येक नर रोगासाठी तपासला जाईल, दाखल्याशिवाय घोडी लावू दिली जाणार नाही. मी समोरच उभा होतो, टाळ्याही वाजवल्या. आता मे सरतोय. आमच्या तालुक्यात एकाही नराला कुणी हात लावलेला नाही.

एप्रिलात माझी मारवाडी घोडी फळवली. फी 11,000 रुपये, रोख. पाचव्या दिवशी खरारा करताना ती शेपटीला हात लावू देईना. शेपूट उचललं तर निरणावर, म्हणजे योनीच्या तोंडाशी, मसुराएवढे फोड, काही फुटून लाल चट्टे पडलेले. लघवीला पाठ कमान करून उभी राहायची. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांची खुर्ची रिकामी. तिथल्या माणसाने 'उष्णता झालीय' म्हणून मलम दिलं. वर विचारलं तर म्हणे घोडा हौसेचा विषय. साहेब, लग्नसराईत याच घोडीवर माझ्या दोन्ही पोरांची फी भरली जाते!

शेवटी शहरातल्या खाजगी डॉक्टरांनी सांगितलं, लक्षणं घोड्यांच्या हर्पिस विषाणूची दिसतात, तीन नंबरच्या प्रकाराची. संगातून लागतो. एकच हातमोजा, सोनोग्राफीचा एकच प्रोब चार घोड्यांना वापरला तरी लागतो. लस नाही. दोन-तीन आठवड्यांत जखमा भरतात, पण विषाणू अंगात दबून राहतो. खात्रीला नमुना लागतो. तो घेणार कोण? घोड्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हरियाणात हिसारला, हजार किलोमीटरच्या पुढे. घोडी उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तेव्हा जखमा ओल्याच होत्या, लावता आली नाही. शिंगरू पोटात 11 महिने राहतं. माझं वर्ष बुडालं, ते कोण भरून देणार?

हे फोड निदान दिसतात तरी. व्हायरल आर्टेरायटिस या घोड्यांच्या दुसऱ्या विषाणूच्या रोगात नर ठणठणीत दिसतो आणि वीर्यातून वर्षानुवर्षं विषाणू वाटत फिरतो, घोड्या गाभडतात. 1984 साली अमेरिकेत केंटकीच्या पैदास केंद्रांत त्याची साथ आली होती. तो उद्या आमच्या दावणीला आला तर कळणार कसं?

2024 ला केंद्राने घोड्यांच्या पैदाशीला 50 टक्के अनुदान जाहीर केलं, 50 लाखांपर्यंत. ज्याच्याकडे जमीन आणि कागद आहेत त्याने ते घ्यावं. दोन घोड्यांवर पोट असणाऱ्याला साधी तपासणी मिळत नाही. पशुगणनेत 2012 ला देशात सव्वासहा लाख घोडे होते, 2019 ला साडेतीन लाखही उरले नाहीत. यात्रेत स्टेज, दिवे, बक्षिसं, फेटे, सगळ्याला पैसा आहे. आलेलं जनावर दोन दिवस वेगळं बांधायला साधी जागा नाही. जनावराशी नव्हे, त्याच्याबरोबरच्या फोटोशी सरकारचं नातं उरलंय.

घोडीच्या निरणावर आता पांढरे डाग उरलेत. त्याच नराकडे या आठवड्यात आणखी दोन घोड्या गेल्या, मी डोळ्यांनी पाहिल्या. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, दाखला मागणारा आधी दाखव. पत्राचं उत्तर पाठवू नका, साहेब. त्या नराचा नमुना घ्यायला माणूस पाठवा, याच आठवड्यात.

आपला,
एक घोडीवाला