तीन हजार तासांवर सही करणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण विभागाने माझा मानसिक आरोग्य समुपदेशकाचा परवाना गेल्या आठवड्यात मंजूर केला. माझ्या अनुभवाचे प्रमाणपत्र तुम्ही माझ्या सुपरवायझर म्हणून विभागाकडे परस्पर पाठवले होते, त्यावर तासांचा आकडा, तारीख आणि तुमची सही एवढेच असते. त्या तासांसाठी तुम्ही किती कष्ट घेतलेत हे लिहायला त्या कागदावर रकाना नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते सर्वांना वाचता यावे याला तुमची हरकत नव्हती, फक्त ‘माझे नाव घालू नकोस’ असे तुम्ही बजावले होते आणि तो शब्द मी पाळला आहे.

ही वाट ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते, तुम्हाला तर ते तोंडपाठच आहे. न्यूयॉर्कमध्ये या परवान्यासाठी ६० क्रेडिटची पदव्युत्तर पदवी लागते आणि त्या पदवीतच किमान ६०० तासांची इंटर्नशिप असते. पदवी हाती आली तरी स्वतंत्रपणे काम करता येत नाही. राज्याकडून लिमिटेड परमिट, म्हणजे देखरेखीखाली काम करण्याची तात्पुरती परवानगी, घ्यायचे आणि परवानाधारक व्यक्तीच्या देखरेखीखाली ३,००० तास भरायचे, त्यांपैकी निदान १,५०० तास क्लायंटसमोर प्रत्यक्ष बसून. राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा वेगळीच. हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीत गेले की परवान्याचे नावही बदलते आणि नियमही. पुण्या-मुंबईहून विद्यार्थी व्हिसावर हा अभ्यासक्रम करायला येणाऱ्या मुलामुलींनी आणखी एक हिशेब निघण्यापूर्वीच करावा, असे तुम्ही नेहमी सांगता, म्हणून तोही इथे मांडते. या पदवीनंतर कामासाठी ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर काम करण्याच्या परवानगीचे, सहसा १२ महिनेच मिळतात, आणि ३,००० तास भरायला पूर्णवेळ नोकरीतही दीड-दोन वर्षे जातात. हे गणित सुटत नाही म्हणून पदवी पदरात असूनही परवान्याविना परतलेल्या हुशार मुली तुम्ही पाहिल्या आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलताना तुमच्या आवाजातली चीड मी ऐकली आहे.

नियम म्हणतो की परमिटवर काम करणाऱ्याला आठवड्याला सरासरी एक तास सुपरव्हिजन मिळाले पाहिजे. त्या तासात नेमके काय व्हावे, हे बरेचसे सुपरवायझरवर सोपवलेले असते. तुमच्याकडे येण्यापूर्वी मी ज्या संस्थेत होते तिथे हा तास विम्याची बिले, राहिलेल्या नोंदी आणि न आलेल्या क्लायंटची यादी यांतच संपत असे. फॉर्मवर मात्र तो तास पूर्ण भरलेला दिसे. त्यामुळे तुमच्या खोलीतल्या पहिल्या भेटीतच तुम्ही नोंदवहीची फाईल बाजूला सारून, क्लायंटच्या लेखी संमतीने केलेले ध्वनिमुद्रण मागितलेत, तेव्हा मी गोंधळून गेले होते. इतकी वर्षे शिकूनही माझे काम कोणी कान देऊन ऐकले नव्हते.

त्या ध्वनिमुद्रणातल्या दहा मिनिटांचा शब्दन्‌शब्द तुम्ही मला लिहून काढायला सांगत असा. कागदाचे तीन रकाने: पहिल्यात क्लायंटचे बोलणे, दुसऱ्यात माझे, तिसऱ्यात त्या क्षणी माझ्या मनात काय चालले होते ते. तुम्ही त्यावर पेन्सिलीने फार थोडे लिहीत असा. चूक-बरोबरच्या खुणा कधीच नसत, समासात एखादाच प्रश्न असे, ‘हा प्रश्न कोणासाठी विचारलास?’ क्लायंटला पुढे बोलता यावे म्हणून विचारलेला प्रश्न आणि आपली उत्सुकता शमावी म्हणून विचारलेला प्रश्न कागदावर अगदी सारखेच दिसतात, आणि त्यांतला फरक तिसऱ्या रकान्यातच सापडतो. आजही सत्रात एखादा प्रश्न ओठांवर आला की तुमची ती पेन्सिल मला दिसते.

क्लायंटविषयी या पत्रात एक अक्षरही लिहिणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण रोल-प्लेमध्ये तुम्ही स्वतः क्लायंट झाला होतात, त्याबद्दल लिहायला आडकाठी नाही. आत्महत्येचा विचार मनात येणाऱ्या व्यक्तीबरोबर भरायचा सेफ्टी प्लॅन आम्ही वर्गात शिकलो होतो. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी तो तयार केला, त्याच्या सहा पायऱ्या आहेत आणि परीक्षेसाठी त्या मी घोकल्याही होत्या. धोक्याची चाहूल ओळखणे, स्वतःला सावरण्याचे स्वतःपाशी असलेले उपाय, मन दुसरीकडे वळवणारी माणसे व जागा, मदत मागता येईल असे जिवाभावाचे कोणी, व्यावसायिक मदत आणि ९८८ हा संकटकाळातल्या मदतीचा फोन क्रमांक, आणि शेवटी घरातले वातावरण सुरक्षित करणे, म्हणजे जिवाला धोका होईल अशा वस्तू हाताशी न ठेवणे. तुम्ही १९ वर्षांच्या कॉलेजच्या मुलीची भूमिका घेतलीत, खुर्चीत घसरून बसलात, मोबाइलवरची नजर वर उचलली नाहीत आणि माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘आय डोन्ट नो’ एवढेच उत्तर देत राहिलात. चौथ्या पायरीवर कोणाचे नाव लिहू असे मी विचारले तेव्हा तुम्ही खांदे उडवून तीन मैत्रिणींची नावे एका दमात सांगितलीत. मी ती लिहायला घेतली आणि तुम्ही भूमिका न सोडता, त्याच कंटाळलेल्या आवाजात म्हणालात, “लिही, पण रात्री दोन वाजता यांच्यापैकी कोणी फोन उचलणार नाही.”

त्यानंतर आम्ही तो फॉर्म पुन्हा पहिल्यापासून भरला. या वेळी पेन त्या ‘मुली’च्या हातात होते, कारण प्लॅन तिच्या अक्षरात आणि तिच्या शब्दांत असला तरच कठीण वेळी ती तो बाहेर काढून वाचेल, असे तुमचे म्हणणे. तीन मैत्रिणींच्या जागी एका मावसबहिणीचे नाव आले, पुढे तिचा फोन नंबर आला, आणि त्या बहिणीला याची कल्पना द्यायची का, कोणी द्यायची आणि केव्हा, यावर आम्ही बराच वेळ बोललो. सहावी पायरी तर तुम्ही मला घाईने उरकूच दिली नाहीत. वर्गात त्या पायरीला पाच मिनिटे मिळाली होती. माझ्या मते या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा धडा तोच होता.

आपल्या समाजात काम करताना येणारे प्रश्न पुस्तकांत एखाद्या परिच्छेदात उरकलेले असतात. इथे मराठी माणसांचे वर्तुळ एवढे लहान की सोमवारी सत्राला आलेली व्यक्ती शनिवारी मंडळाच्या गणेशोत्सवात आरतीला शेजारी उभी असायची. यावर तुमचा सरळ रिवाज होता. पहिल्याच सत्रात क्लायंटला सांगून टाकायचे की बाहेर भेट झाली तर मी आपणहून ओळख दाखवणार नाही, तुम्ही हात केलात तर मीही नमस्कार करीन, आणि सोबतच्या कोणाला आपली ओळख कशी झाली हे सांगणार नाही. दिवाळीत कोणी फराळाचा डबा आणला तर काय करावे, हे मी विचारले तेव्हा ‘घे’ किंवा ‘नको घेऊ’ असे न सांगता तुम्ही अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची २०१४ ची आचारसंहिता समोर ठेवलीत आणि आपण ते कलम दोघींनी मिळून वाचले. काही संस्कृतींत छोटी भेट ही कृतज्ञतेची खूण असते हे त्यात मान्य केले आहे, आणि स्वीकारण्यापूर्वी समुपदेशनाचे नाते, भेटीची किंमत, देणाऱ्याचा हेतू व घेणाऱ्याचाही हेतू तपासायला सांगितले आहे. घेणाऱ्याचा हेतू या शब्दांशी तुम्ही थांबलात आणि मला चकली किती आवडते हे विचारलेत. (उत्तर तुम्हाला ठाऊक होतेच.)

१ जानेवारी २०२४ पासून परवानाधारक मानसिक आरोग्य समुपदेशकांना मेडिकेअरची, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याची, मान्यता मिळाली आणि सासू-सासऱ्यांच्या वयाची माणसे दारी येऊ लागली. तेव्हा तुम्ही मला नैराश्याची प्रश्नावली पुढे करण्यापूर्वी चार साध्या गोष्टी विचारायला शिकवलेत. नीट ऐकू येते का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, थायरॉइड आणि बी-१२ तपासून किती दिवस झाले, आणि दिवसभर घरात बोलायला कोण असते. शेवटच्या प्रश्नाला तुम्ही सर्वांत जास्त वेळ द्यायला लावत असा.

परीक्षेविषयी फार लिहीत नाही. ११ केस स्टडींची ती परीक्षा अभ्यासाने पार पडते, आणि माझीही पडली. केसमधल्या माणसाऐवजी पर्यायांकडेच पाहत बसू नये, ही तुमची सूचना तिथे कामी आली.

तुमच्याशी बोलताना अनेकदा विषय निघे तो भारताचा. तिथे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वसन परिषदेकडे होते, समुपदेशकासाठी मात्र इथल्यासारखी परवान्याची आणि सक्तीच्या सुपरव्हिजनची घडी अजून बसलेली नाही. पुण्यात एम.ए. झालेल्या माझ्या मैत्रिणी उत्तम काम करतात, पण अवघड सत्रानंतर कोणापाशी बसावे हा त्यांचा प्रश्न उरतोच. त्यांच्यापैकी काहींसाठी तुम्ही रविवारी सकाळी ऑनलाइन गट सुरू केलात, त्याचा एक पैसाही घेतला नाहीत आणि त्या तासांची कुठे नोंदही होत नाही. त्यांच्या वतीनेही मी आभार मानते.

आता शेवटचे. सुपरव्हिजन चालू असताना मी तुम्हाला घरी जेवायला बोलावले की तुम्ही हसून नकार देत असा, कारण ज्या व्यक्तीच्या कामाचे मूल्यमापन करायचे तिच्या घरी पंगतीला बसायचे नाही, हा तुमचा नियम. मूल्यमापन संपले आहे, सही झाली आहे आणि परवान्यावर आता माझा क्रमांक आहे. पुढच्या महिन्यातल्या कोणत्याही रविवारी, तुमचा ऑनलाइन गट आटोपला की, आमच्याकडे जेवायला या. भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी करणार आहे, आणि या वेळी कोणतेही कलम आड येत नाही, हे मी आचारसंहिता पुन्हा वाचून पाहिले आहे.

आपली कृतज्ञ विद्यार्थिनी